खोटे रेटून बोलले जाते तेव्हा

२०२२ सालचा डिसेंबर महिना सीमाभाग अद्याप विसरलेला नाही. जत तालुक्यातील गावांवरून दोन्ही राज्यांच्या नेत्यांमध्ये शब्दाला शब्द लागला. ६ डिसेंबरला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. दोन्हीकडची बससेवा विस्कळीत झाली. अखेर १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी बसवराज बोम्मई आणि एकनाथ शिंदे या दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत समोरासमोर बसविले. त्या बैठकीनंतर गृहमंत्र्यांनी पत्रकारांना जे सांगितले त्यातील एक गोष्ट आमच्या मते फारशी कोणी मनावर घेतली नाही. बड्या नेत्यांच्या नावाने ट्विटरवर बनावट खाती उघडून त्यावरून मजकूर पसरविला गेला, त्यामुळे प्रकरण चिघळले आणि अशा प्रकरणी गुन्हे नोंदविले जातील, असे ते म्हणाले होते.

याचा अर्थ सरळ आहे. त्या पंधरवड्यात ज्या वाक्यांनी माणसांचे रक्त तापले, त्यातली काही वाक्ये ज्याच्या नावावर होती त्याची नव्हतीच, असे खुद्द देशाच्या गृहमंत्र्यांचे म्हणणे होते. दगड मात्र खरे होते. फुटलेल्या काचाही खऱ्या होत्या.

संकेश्वर हे महामार्गावरचे गाव. पुणे-बेंगळुरू रस्ता येथून जातो आणि गडहिंग्लजकडे जाणारा रस्ताही येथूनच फुटतो. बस बंद पडली की काय होते ते येथल्या माणसाला पत्रकातून वाचावे लागत नाही. कोल्हापूरच्या दवाखान्यात तारीख मिळालेला म्हातारा थांब्यावर बसून राहतो. गडहिंग्लजला शिकायला जाणारी पोर घरी राहते. बाजाराला निघालेली भाजी टोपलीत सुकते. ज्याने मजकूर लिहिला तो कुठल्या शहरात बसला होता हे कोणास ठाऊक. भुर्दंड मात्र सीमेवरच्या खेड्याने भरला. २०२५च्या फेब्रुवारीतही तेच घडले. बेळगाव तालुक्यात सुळेभावी-बाळेकुंद्री भागातील एका बसमध्ये भाषेवरून वाद झाला, वाहकाला मारहाण झाली, पाठोपाठ चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या बसवर हल्ला झाला आणि पुन्हा गाड्या थांबल्या. बसमध्ये नेमके काय घडले याची चौकशी सुरू होण्याआधीच त्या प्रसंगाच्या दोन कहाण्या दोन भाषांतून मोबाईलवर फिरत होत्या.

पोलीस गुन्हे नोंदवतील, खुलासे छापून येतील. पण खुलासा नेहमी उशिरा येतो. गाव पेटल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो. म्हणून दुष्प्रचाराविरुद्धचा बंदोबस्त माणसाच्या मनातच आधी व्हावा लागतो. हा बंदोबस्त करण्याची जी साधने आपल्या समाजाकडे आहेत, त्यांत साहित्य आणि कला यांचे स्थान फार वरचे आहे, असे आमचे मत आहे. सीमालढ्यात साहित्याला आपण सत्काराच्या हारतुऱ्यासारखे वापरतो. त्याचे खरे काम वेगळे आहे, ते या लेखात मांडावयाचे आहे.

दुष्प्रचार कसा चालतो?

दुष्प्रचार म्हणजे केवळ खोटे बोलणे नव्हे. पुष्कळदा त्यात खरे असते, परंतु अर्धे. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये काही अभ्यासकांनी प्रचाराचे विश्लेषण करणारी एक संस्था काढली होती. त्यांनी प्रचाराच्या सात युक्त्या नोंदविल्या. विरोधकाला शेलके नाव चिकटविणे, गोड गोड मोठे शब्द वापरणे, एखाद्या पूज्य गोष्टीचे तेज आपल्या अंगावर घेणे, नावाजलेल्या माणसाची साक्ष काढणे, आपण साधे गरीब असल्याचे भासविणे, सोयीचे तेवढेच पुरावे पुढे मांडणे आणि ‘सगळे जण आमच्याबरोबर आहेत, तूच मागे राहिलास’ असे भासविणे. नव्वद वर्षे होत आली, मोबाईल आला, पण या यादीत नवीन भर घालावी असे फारसे काही सापडत नाही.

आपल्याकडचीच उदाहरणे घ्या. ‘सीमाभागातील मराठी माणूस बाहेरून आलेला’ हे पहिल्या युक्तीचे उदाहरण. आमची घरे, शेते, देवळे, तालमी होत्या तेथेच आहेत; १ नोव्हेंबर १९५६ रोजी सरकली ती राज्याची रेघ. ‘महाजन अहवाल हाच अंतिम शब्द’ हे दुसरे उदाहरण. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला. त्यात बेळगाव शहर कर्नाटकात ठेवावे असे म्हटले हे खरे. परंतु निपाणी आणि खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि महाराष्ट्रातील २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, हेही त्याच अहवालात आहे. अहवाल अंतिम म्हणणारे व्यासपीठावरून निपाणीचे नाव किती वेळा घेतात? सोयीचे तेवढे दाखवायचे ते हे असे.

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्याकडेही पाहिले पाहिजे. आयोग नेमावा हा आग्रह महाराष्ट्राचाच होता, त्यासाठी सेनापती बापटांनी १९६६ साली प्राणांतिक उपोषण आरंभिले होते, ही गोष्ट मराठी सभांमधून क्वचितच ऐकू येते. अहवाल का नाकारावा लागला याची कारणे आमच्याकडे आहेत आणि ती भक्कम आहेत. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार तत्त्वांवर महाराष्ट्राची मागणी उभी आहे आणि त्याच आधारावर २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल झाला. ज्याची बाजू भक्कम आहे त्याने गैरसोयीचा इतिहास लपविण्याचे कारण नाही. लपविलेला कागद समोरच्याने बाहेर काढला म्हणजे खऱ्या कागदांवरचाही लोकांचा विश्वास उडतो. तेव्हा दुष्प्रचार ओळखण्याची सवय आपल्याला हवी आहे ती केवळ समोरच्याचे पितळ उघडे पाडण्यासाठी नव्हे. आपला न्याय्य दावा अफवेच्या दलदलीत रुतू नये यासाठीही ती हवी आहे.

फुल्यांचा विदूषक आणि नाथांचे भांडण

ही सवय लावण्याचे काम मराठी वाङ्मय कैक वर्षे करीत आले आहे. १८५५ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एक अडाणी शेतकरी, त्याची गरोदर बायको आणि ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी, अशी त्याची मांडणी आहे. आमच्या दृष्टीने त्यातले महत्त्वाचे पात्र म्हणजे विदूषक. जोशी बोलतो, शेतकरी ऐकतो आणि मध्ये विदूषक येऊन या बोलण्याचा खरा अर्थ काय, यात कोणाचा फायदा आहे, हे प्रेक्षकांना उघड करून दाखवितो. नाटकाच्या अखेरीस ते नवरा-बायको शाळेत जाऊन शिकावयाचे ठरवितात. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही. पण पुढे सत्यशोधक जलशांनी कोल्हापूर, सातारा भागांतील खेड्यापाड्यांत नेमके हेच तंत्र वापरले. सोंगाड्या प्रश्न विचारतो, लोक हसतात आणि हसता हसता भीती गळून पडते. ज्याला माणूस एकदा खळखळून हसला, त्याची दहशत त्याच्यावर पूर्वीसारखी बसत नाही.

त्याहून तीनशे वर्षे मागे जाऊ. एकनाथ महाराजांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ प्रसिद्ध आहे. त्यात एक हिंदू आणि एक मुसलमान एकमेकांच्या धर्मावर तुटून पडतात. त्या काळी दोन्ही समाजांत एकमेकांविषयी जी जी ठरीव दूषणे चालत असतील, ती सारी नाथांनी दोघांच्या तोंडी घातली आहेत. कोणाचीही बाजू दडपलेली नाही. आणि सगळे बोलून झाल्यावर दोघांनाही उमगते की वाद वरवरचा होता. ते एकमेकांना आलिंगन देतात. अफवा नेहमी पाठीमागे बोलली जाते. नाथांनी ती समोरासमोर बोलायला लावली. तोंडावर बोलावे लागले की पाठीमागच्या दूषणाचा निम्मा जोर तेथेच ओसरतो.

सीमाभागासाठी तर तुकोबांनी जणू मुद्दामच एक अभंग लिहून ठेवला आहे. त्यात कानडी बायको आणि मराठी नवरा असे जोडपे आहे. ती त्याला आपल्या भाषेत जवळ बोलाविते आणि तो भलतेच काही समजून पळ काढतो. देवा, तुझे-माझे असे होऊ देऊ नकोस, असे तुकोबांचे मागणे आहे. संकेश्वरच्या बाजारात हा अभंग कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. येथे शेजारणीशी कानडीत आणि चुलीपाशी मराठीत बोलणाऱ्या बायका घरोघर आहेत. दोन भाषा एका गावात नांदतात तेव्हा गैरसमज होणारच. प्रश्न एवढाच, की त्या गैरसमजावर तुकोबांसारखे हसावयाचे, की कोणाला तरी त्यावर आपली पोळी भाजू द्यावयाची.

बेळगावच्या साहित्य संमेलनांचा इतिहासही येथे आठवावा. १९४६च्या मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावला जे संमेलन भरले, तेथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याआधी १९२९ साली बेळगावलाच भरलेल्या संमेलनाचे अध्यक्ष शिवराम महादेव परांजपे होते, हे मात्र कमी जणांना आठवते. परांजप्यांनी १८९८ साली ‘काळ’ साप्ताहिक काढले. सरकारला उघड बोल लावता येत नव्हता म्हणून त्यांनी वक्रोक्तीचा मार्ग धरला. वरवर स्तुती करायची आणि आतून चिमटा काढायचा. १९०८ साली त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि त्यांच्या निवडक निबंधांवर सरकारने बंदी घातली. त्या लेखनाने केवळ इंग्रजांविरुद्ध चीड उत्पन्न केली असे नव्हे. छापलेल्या ओळीच्या मागे काय दडले आहे ते पाहण्याची नजर एका पिढीला दिली. ज्याला वक्रोक्ती कळते, त्याला सरकारी जाहिरातीतील गोडवा आणि निवडणुकीच्या भाषणातील कळवळाही कळतो. आजच्या मुलांना वक्रोक्ती हा शब्द परीक्षेपुरता पाठ असतो. तो रोजच्या उपयोगाचा आहे हे त्यांना सांगणे आम्हा शिक्षकांचे काम आहे.

जे पत्रकात मावत नाही

दुष्प्रचाराला माणसे नको असतात, गठ्ठे हवे असतात. ‘ते कानडी’ आणि ‘हे मराठी’ असे दोन गठ्ठे बांधले की काम सोपे होते. साहित्य हा गठ्ठा सोडते.

निपाणीचे महादेव मोरे यांचे २०२४ साली निधन झाले. पिठाची गिरणी चालविता चालविता या माणसाने आयुष्यभर कथा-कादंबऱ्या लिहिल्या. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, गाड्यांवरचे ड्रायव्हर-क्लीनर, गॅरेजवाले, रस्त्यावर पोट भरणारी माणसे त्यांच्या लेखनात आली आणि ती सीमेवरच्या कानडीमिश्रित बोलीतच बोलली. मोऱ्यांची पुस्तके वाचणाऱ्याला ‘सीमाभागातला माणूस असा असतो’ असे एका वाक्यात सांगणारा कोणीही भेटला तर हसू येईल, कारण त्याने तेथे पन्नास तऱ्हांची माणसे पाहिलेली असतात. त्याच निपाणीत ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली तंबाखू कामगार बायांना बरोबर घेऊन त्यांच्या कामाचा आणि संघटनेचा माहितीपट केला. तंबाखूची धूळ छातीत जाते तेव्हा ती बाईची मातृभाषा विचारत नाही. मजुरीचा, खोकल्याचा, पोराबाळांचा हा भाग कोणत्याही बाजूच्या भाषिक पत्रकात येत नाही. तो कथेत येतो, चित्रात येतो, जात्यावरच्या ओवीत येतो.

पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या महाविद्यालयात शिकवीत होते. ‘गणगोत’मधले त्यांचे ‘रावसाहेब’ वाचून ज्याला हसू आणि मग डोळ्यांत पाणी आले नाही असा मराठी वाचक विरळा. रावसाहेबांची ती कानडी हेलाची मराठी महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचली आणि त्या हेलावर लोकांनी प्रेम केले. एका लेखाने जे साधले ते दोन राज्यांच्या शेकडो निवेदनांना साधलेले नाही.

आणि कलेचा इतिहास पाहू गेल्यास ‘या दोन भाषांचे हाडवैर आहे’ हे वाक्य टिकतच नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ संस्थानिकांनी पाहिल्यानंतर. त्याच साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले आणि १८८० साली त्यांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून मराठी संगीत नाटकाचा पाया घातला. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे मराठी घरात वाढले, कन्नडचे महाकवी झाले आणि १९७३ साली ज्ञानपीठाचे मानकरी ठरले. त्यांनी मराठीतही लिहिले. गदग भागातल्या भीमसेन जोशींनी पुरंदरदासांची पदे आणि तुकोबांचे अभंग एकाच गळ्यातून गायिले. ज्या सुळेभावी परिसरातील बसचा उल्लेख वर आला, त्याच सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्वांचा जन्म झाला. संकेश्वरला शंकराचार्यांचा मठ आहे आणि हाकेच्या अंतरावर निडसोशीला दुरदुंडीश्वरांचा मठ आहे. भाविकाला दोन्ही वाटा पाठ आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा इतिहास सांगून ‘मग वाद कशाला, आहात तेथे सुखाने राहा’ असा उपदेश आम्हाला करणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आमचे उत्तर असे की कानडी शेजाऱ्यावर प्रेम असणे आणि स्वतःच्या भाषेत शिकण्याचा, कागद मिळण्याचा हक्क मागणे यांत काडीचाही विरोध नाही. १७ जानेवारी १९५६ च्या हुतात्म्यांना आम्ही दरवर्षी वंदन करतो, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील बलिदानही विसरत नाही. त्यांनी हक्कासाठी प्राण दिले, शेजाऱ्याच्या द्वेषासाठी नव्हे. हा फरक पुसून टाकणे हाच दुष्प्रचाराचा मुख्य उद्योग आहे, मग तो कोठूनही होवो.

दूरच्या देशातील एक प्रयोग

आफ्रिकेतील रवांडा या छोट्या देशाची कथा या संदर्भात मुद्दाम सांगावीशी वाटते. १९९३ साली तेथे एक खाजगी रेडिओ केंद्र सुरू झाले. गाणी, गप्पा, विनोद यांच्या मधून मधून ते तुत्सी जमातीच्या लोकांना झुरळे म्हणू लागले. १९९४ साली सुमारे शंभर दिवसांत तेथे लाखो माणसे मारली गेली आणि त्यांत शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारले. आधी माणसाचे नाव काढून घेतले, मग प्राण. आपल्याकडची स्थिती तशी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु शब्दांची वाट कुठवर जाऊ शकते ते तेथे दिसले.

पुढची गोष्ट अधिक शिकण्यासारखी आहे. २००४ साली त्याच देशात रेडिओवरूनच ‘मुसेकेवेया’ नावाची श्रुतिका सुरू झाली. दोन शेजारची काल्पनिक गावे, जमिनीवरून वाद, चिथावणी देणारा पुढारी, घाबरून गप्प बसणारे लोक आणि प्रेमात पडलेली दोन्ही गावांतली तरुण मुले. चिथावणी पायरीपायरीने कशी वाढते हे लोकांनी घरी बसून ऐकले. एका अभ्यासिकेने वर्षभर ही श्रुतिका ऐकणाऱ्या गटांची तुलना दुसरी श्रुतिका ऐकणाऱ्या गटांशी केली. तिला असे आढळले की श्रोत्यांची मनातली मते फारशी बदलली नव्हती. मात्र चारचौघांत वेगळे मत बोलून दाखविण्याचे धैर्य वाढले होते.

हा निष्कर्ष आम्हाला फार मोलाचा वाटतो. कलेने माणसाचे हृदयपरिवर्तन होते असा मोठा दावा करण्याची गरज नाही. गावात अफवा पसरते तेव्हा बहुतेकांना आतून शंका आलेलीच असते. पण कट्ट्यावर पहिल्यांदा ‘थांबा, हे कोणी सांगितले?’ असे म्हणावयाला कोणी धजत नाही, कारण असे म्हणणारा फितूर ठरेल अशी धास्ती असते. नाटकात सोंगाड्याने हा प्रश्न विचारलेला ज्याने पाहिला आहे, त्याला कट्ट्यावर तो विचारणे थोडे सोपे जाते. कलेकडून एवढे मिळाले तरी पुष्कळ मिळाले.

कला ही दुधारी आहे

कलेचा उपयोग दुष्प्रचारासाठीही होतो, हे झाकून चालणार नाही. हिटलरच्या राजवटीत १९३५ साली आलेला ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ हा प्रचारपट तंत्राच्या दृष्टीने उत्तम मानला जातो, आणि त्याच राजवटीने १९३३ साली विद्यापीठांच्या चौकात पुस्तके जाळली होती. चांगला गळा, चांगली लेखणी भाड्याने मिळते. आजकाल तर चाल तीच ठेवून शब्द बदललेली विखारी गाणी मिरवणुकीत ध्वनिक्षेपकावर वाजतात.

मग ओळखावे कसे? आमच्यापुरती एक कसोटी आम्ही ठरविली आहे. ज्या नाटकात, कवितेत, पोवाड्यात समोरच्या बाजूच्या माणसालाही तोंड आहे, तो कधीतरी शहाण्यासारखा बोलतो, ती कला. जेथे समोरचा केवळ राक्षस आहे आणि आपला प्रत्येक जण देव, तेथे सावध व्हावे. मोर्चाला घोषणा लागते, हे आम्ही नाकारीत नाही. चार शब्दांत मागणी सांगण्याचे ते साधन आहे. परंतु घोषणा ऐकून जो विचार संपवितो त्याला उद्या दुसऱ्याची घोषणाही तितक्याच सहज फिरवू शकते.

आपल्या गावात काय करता येईल?

संकेश्वरच्या पेठेत मिरची घ्यायला आलेला गिऱ्हाईक पोत्याच्या तोंडाशी ठेवलेल्या लालभडक मिरचीवर भुलत नाही. तो तळापर्यंत हात घालतो, देठ मोडून पाहतो, पाणी मारून वजन वाढविले आहे का ते चाचपतो. बातमीलाही हाच हिशेब लावावा. हे कोण सांगतो आहे? त्याने स्वतः पाहिले की ऐकले? यातले काय गाळले आहे? आणि हे मी लगेच पुढे पाठवावे याची घाई कोणाला आहे? हे चार प्रश्न शाळेच्या फळ्यावर महिनाभर राहू द्यावेत.

त्यापलीकडे काही गोष्टी बिनपैशाच्या आहेत. वाचनालयात मराठी आणि कन्नड अशी दोन्ही वर्तमानपत्रे शेजारी शेजारी ठेवावीत. एकाच घटनेची दोन वृत्ते मोठ्या मुलांनी मोठ्याने वाचून दाखवावीत. कोणता शब्द कोठे बदलला ते आपोआप कानाला कळते. आम्हा सीमावासीयांना दोन्ही भाषा येतात हे आपले बळ आहे. पुण्या-बेंगळुरूच्या माणसाला ते नाही. ज्याला एकच भाषा येते तो त्या भाषेतील खोट्याच्या अधिक ताब्यात असतो.

कडोली, कारदगा अशा गावांनी ग्रामीण साहित्य संमेलने भरविण्याची परंपरा सीमाभागात रुजविली आहे. ग्रंथदिंडी, भाषणे, कविसंमेलन हे सारे असावेच. त्यात एक तास गावच्या नव्या लिहिणाऱ्यांसाठी ठेवावा आणि त्यांना आपल्या बोलीत, आपल्या गल्लीतील माणसांवर लिहावयास सांगावे. यात्रेतल्या नाटकाला बाहेरून तयार संहिता आणण्याऐवजी एक छोटा वग गावातच रचावा: एक जण बातमी आणतो, दुसरा तिला शेपूट जोडतो, तिसरा काठी घेऊन निघतो आणि सोंगाड्या प्रत्येकाला अडवून विचारतो, ‘तू बघितलंस काय रे?’ भजनी मंडळांनी नाथांची भारुडे पुन्हा सोंगासह करावीत. दोन भाषांचे प्रेक्षक एका मांडवात हसले, तर त्या रात्री तरी त्या गावात अफवेला गिऱ्हाईक मिळणार नाही.

या सगळ्याच्या मुळाशी मात्र एक अट आहे आणि ती सरकारशी संबंधित आहे. ज्या गावाला सातबाऱ्याचा उतारा, नोटीस, योजनेचा अर्ज स्वतःच्या भाषेत वाचता येत नाही, ते गाव दुसऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून राहते. ‘कागदात असे लिहिले आहे’ म्हणणारा पहिला माणूस तेथे खरा ठरतो. अफवेला यासारखी सुपीक जमीन दुसरी नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे घटनेचे ३५० (अ) कलम सांगते. त्यांच्या संरक्षणासाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद ३५० (ब) मध्ये आहे. १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे ज्या वर्षी आमच्यावर रेघ ओढली गेली त्याच वर्षी, ही कलमे आली. मराठी कागदपत्रांची आणि मराठी शाळांची मागणी ही केवळ अस्मितेची मागणी नाही. गावाची शांतता तिच्यावर अवलंबून आहे, हे प्रशासनाने ध्यानात घ्यावे.

आणि पालकांनीही एका गोष्टीचा विचार करावा. पटसंख्या घसरून मराठी शाळेचा वर्ग बंद पडतो, वाचनालयाचे कपाट महिनोन्‌महिने उघडत नाही, तेव्हा पोर भाषेशिवाय राहत नाही. त्याच्या हातात मोबाईलची भाषा येते. तेथे धडा नाही, कविता नाही, विदूषक नाही, प्रश्न विचारणारा गुरुजी नाही. सीमाप्रश्नाचा निकाल न्यायालयात लागेल तेव्हा लागेल. तोवर या गावांतून राहणारी माणसे शहाणी आणि एकमेकांशी बोलती राहिली पाहिजेत. येत्या यात्रेच्या हंगामात प्रत्येक गावाने एक तरी वग उभा करावा आणि वाचनालयाचे एक तरी कुलूप उघडावे, एवढी विनंती आम्ही सीमाभागातील सर्व मंडळांना आणि शिक्षक बांधवांना करीत आहोत.